मोठ्या जातीचे पिल्लू आणि त्याचे सांधे

करवीर तालुक्यातील उचगाव हे एके काळी उसाच्या मळ्यांचे गाव. आज एका बाजूला गांधीनगरची घाऊक कापडपेठ, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि लगतचा महामार्ग यांच्यामध्ये ते विस्तारत गेले आहे. मळ्यांच्या जागी बंगले आले, गोदामे आली आणि दिवसभर दुकानात असणाऱ्या कुटुंबांना राखणीची गरज भासू लागली. राखणीला कोणी जर्मन शेफर्ड आणले, कोणी रॉटवायलर. मुलांच्या हट्टापायी लॅब्रेडॉर आले. हौसेच्या भरात सेंट बर्नार्डसारखे हिमप्रदेशातील अजस्र जनावरही कोल्हापूरच्या उन्हाळ्यात येऊन पडले. दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते, सहा महिन्यांत गुडघ्याला लागते, आणि मग एका सकाळी ते उठताना अडखळते. पडले असेल, मुरगळले असेल, दोन दिवसांत बरे होईल, असे घरातील सर्वजण म्हणतात. दोन दिवसांचे दोन महिने होतात. मोठ्या जातीच्या तरुण कुत्र्यांच्या सांध्यांबाबत जे काही करण्यासारखे असते, त्यातील बरेचसे याच दोन महिन्यांत हातचे निसटते.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत बसतो आणि तेथे फिरतो. माथा व उखळ एकमेकांस घट्ट धरून वाढले, तर दोघांचेही आकार नेटके होतात. सांधा सैल राहिला, तर माथा उखळीत हलत राहतो, उखळ उथळ होते, माथा चपटतो, वरची गुळगुळीत कूर्चा झिजते आणि अखेर संधिवात जडतो. या विकाराला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. अमेरिकेतील पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३५ साली कुत्र्यांमधील या विकाराचे पहिले वर्णन केले. १९६६ पासून अमेरिकेत कुत्र्यांच्या खुब्यांच्या क्ष-किरण चित्रांची नोंद ठेवणारी संस्था कार्यरत आहे. तिच्याकडे आलेल्या चित्रांत जर्मन शेफर्डपैकी सुमारे पाचातील एक, तर सेंट बर्नार्डपैकी जवळपास निम्मी कुत्री सदोष खुब्यांची आढळली.

विकाराचे मूळ आनुवंशिक आहे. मात्र एकाच गुणसूत्रावर बोट ठेवता येईल असे ते मूळ नाही. अनेक जनुकांचा तो मिळून परिणाम असतो. म्हणूनच निर्दोष आईबापांच्या पोटीही असे पिल्लू निपजू शकते. या पिलांचे खुबे जन्मतः बहुधा चांगले दिसतात. सैलपणा पुढच्या महिन्यांत प्रकट होतो. लॅब्रेडॉरचे पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते आणि वर्षभरात तीस किलोच्या आसपास जाते. एवढा भार पेलण्याइतकी हाडे, स्नायू आणि अस्थिबंध एकाच वेगाने तयार होत नाहीत. भार आधी येतो, बळ मागून येते. रक्तातून आलेला दोष मालकाच्या हाती नसतो; भार किती वेगाने वाढावा हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते.

येथे स्वयंपाकघराचा प्रश्न येतो.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. दुभत्या जनावरांसाठीच्या पातळ कॅल्शियमची बाटली घरोघरच्या गोठ्यात सापडते. पिल्लू मोठ्या हाडाचे आहे, तेव्हा त्यालाही चार चमचे द्यावेत, असा सल्ला शेजारी देतात आणि पिल्लू विकणाराही देतो. हा सल्ला केवळ निरुपयोगी नाही, तर अपायकारक आहे. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम शोषते आणि उरलेले सोडून देते. लहान पिलाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हा विवेक नसतो. पोटात जाईल त्यातील मोठा भाग रक्तात उतरतो. हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिलांवर झालेल्या प्रयोगांत १९८० च्या दशकातच दिसून आले, की गरजेच्या तिप्पट कॅल्शियम मिळालेल्या पिलांची हाडे वाकडी झाली, कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडली. वाढत्या मोठ्या जातीच्या पिलाच्या कोरड्या आहारात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरते, आणि कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण सव्वास एक असावे लागते. पिलांसाठीचे तयार समतोल अन्न चालू असेल, तर वरून कॅल्शियमचा एक थेंबही नको.

दुसरी गोष्ट भरपूर खाण्याची. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिलांवर एक दीर्घ अभ्यास झाला. एकाच वेतातील पिलांच्या जोड्या लावून एकाला नेहमीच्या मापाने आणि दुसऱ्याला तेच अन्न २५ टक्के कमी, असे आयुष्यभर दिले गेले. पाच वर्षांच्या वयात पहिल्या गटातील ५२ टक्के कुत्र्यांच्या खुब्यात संधिवात दिसला, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांत. २००२ साली आयुर्मानाचे आकडे प्रसिद्ध झाले: भरपूर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे, मोजके खाणाऱ्यांचे १३ वर्षे. अन्न तेच, रक्तही तेच. फरक केवळ मापाचा.

जैन घरात हे माप सहजी पचत नाही, आणि त्याला कारण आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद यांच्यासोबत अन्नपाननिरोधाची गणना होते. आश्रित जनावराचे अन्नपाणी रोखणे हा दोष, हा संस्कार घराघरांत मुरलेला. पायाशी बसून केविलवाण्या नजरेने पाहणाऱ्या पिलाला पोळीचा तुकडा नाकारताना आजीबाईंचा हात थरथरतो, तो उगीच नव्हे. परंतु त्याच पाचांत अतिभारारोपणही आहे: जनावरावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे घालणे. बैलाच्या पाठीवर गोण लादली तर ती दिसते. कुत्र्याच्या फासळ्यांवर तुपाने चढवलेले पाच किलो दिसत नाहीत, इतकाच फरक. मोजून भरलेली वाटी म्हणजे अन्नपाननिरोध नव्हे. पिलाच्या बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, मात्र हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात. वरून पाहिले असता कमर आत गेलेली असावी. आजीबाईंनाही देण्याचे समाधान हवे असेल, तर दिवसाच्या ठरलेल्या मापातूनच मूठभर दाणे बाजूला काढून ते त्यांच्या हाती द्यावेत. चार-सहा महिन्यांच्या पिलाला दिवसातून तीन वेळा अन्न लागते. चौविहार पाळणाऱ्या घरात तिसरी वाटी सूर्यास्तापूर्वी दिली तरी पिलाचे काही बिघडत नाही.

शाकाहाराचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याने पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती मिळविली, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकांच्या आधारे दाखवून दिले. लांडग्यापेक्षा कुत्र्याच्या अंगी पिष्ट फोडणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. तेव्हा शाकाहारावर कुत्रा जगतच नाही, हे म्हणणे बरोबर नाही. तथापि दूध-भात आणि तूप-पोळी म्हणजे समतोल शाकाहार, हेही खरे नाही. त्यात प्रथिने अपुरी आणि स्निग्धांश व पिष्ट वाजवीहून जास्त. पिल्लू गुबगुबीत होते, स्नायू मात्र दुबळे राहतात. नुसत्या धान्यावर वाढलेल्या पिलांत कॅल्शियमची तूट पडून हाडे ठिसूळ झाल्याचीही उदाहरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. म्हणजे एका घरात बाटलीने अति होते, दुसऱ्या घरात पोळीने कमी. डाळी, सोयाबीन, पनीर, दही यांवर आधारलेला आहार आखता येतो, पण वाढीच्या वयात तो पशुवैद्याकडून आखून घ्यावा. अंदाजाचे हे काम नाही. तयार शाकाहारी अन्न घेतल्यास ते ‘पूर्ण आहार’ आहे की केवळ खाऊ, आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिलांसाठी आहे किंवा नाही, हे पाकिटावर वाचावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात. त्या बाबतीत जैन घरातील पिल्लू आपोआपच सुरक्षित. सांगली-तासगावचे बेदाणे मात्र आपल्याकडे डब्यांनी येतात. बेदाणा आणि द्राक्ष कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांचेही तसेच. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून तयार केलेलेही मिळते. कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेतून येते. कोलॅजेन कातडी-हाडांतून, तर कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे. माणसांच्या खाद्यपाकिटांवरील हिरव्या ठिपक्याची खूण येथे गृहीत धरता येत नाही. घटकांची यादी वाचूनच खात्री करावी लागते. गंमत अशी, की ग्लुकोसामाइनचा कुत्र्यांमध्ये निश्चित गुण येतो असा भक्कम पुरावा नाही. त्या मानाने ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा पुरावा बरा आहे. ती सहसा माशाच्या तेलातून देतात. जवसातील ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात हव्या त्या रूपात फारच थोडे बदलते. समुद्री शेवाळापासून काढलेले तेल हा पर्याय आहे, पण शेवाळ अनंतकाय मानणाऱ्या कुटुंबाला तेथेही विचार करावा लागेल. काहीच पटले नाही, तरी खंत करू नये. वजन आटोक्यात ठेवल्याने सांध्याला जो आराम मिळतो, त्याच्या जवळपास यातील कोणतीही गोळी पोहोचत नाही.

आता लक्षणांकडे. खुब्याचा दोष असलेले पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारख्या उड्या मारते. झोपून उठताना पुढच्या पायांनी अंग ओढते, बसताना एका कुशीवर कलते, जिन्याच्या पायथ्याशी थबकते, फिरायला निघाल्यावर अर्ध्या वाटेत बसकण मारते. ते केकाटत नाही. वेदना लपविणे हा जनावराचा स्वभाव असल्याने ‘रडत नाही म्हणजे दुखत नाही’ हा हिशेब चुकतो. ही लक्षणे साधारण पाचव्या महिन्यापासून वर्षापर्यंत दिसतात. पुढे एक फसवा काळ येतो. सैल सांध्याभोवतीची ऊती जाड व ताठर होते, सांधा थोडा स्थिरावतो आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास पिल्लू सुधारल्यासारखे वाटते. घरातील माणसे सुटकेचा श्वास टाकतात. आत मात्र कूर्चेची झीज चालूच असते आणि काही वर्षांनी ती संधिवाताच्या रूपाने पुढे येते.

प्रत्येक लंगडणे खुब्याचेच असते असेही नाही. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या लॅब्रेडॉर वा रॉटवायलर पिलात कोपराच्या सांध्याचा दोष असू शकतो. आज एक पाय, पंधरा दिवसांनी दुसरा, असे फिरते लंगडणे जर्मन शेफर्डच्या पिलांत लांब हाडांच्या दाहामुळे होते आणि ते बहुधा वयाबरोबर आपोआप थांबते. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा तापही सांधे धरतो. त्याचे निदान रक्त तपासून होते आणि औषधाने तो बरा होतो. यासाठीच घरच्या घरी निष्कर्ष न काढता दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या लंगडण्याचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. खुब्याचे चित्र नीट यायचे तर पिलाला गुंगी द्यावी लागते. गुंगीच्या भीतीने चित्र टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तेथेच महिने वाया जातात.

वेळेचे हे महत्त्व किती, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. उद्योगपती रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याच्या सांधेरोपणासाठी त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते. तेथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. रोपण शक्य नव्हते, म्हणून शल्यचिकित्सकांनी तो सांधा एका विशिष्ट स्थितीत कायमचा स्थिर करून दिला. पैसा, विमान, ओळखी यांपैकी कशाचीही उणीव नसलेल्या माणसाला जी गोष्ट मिळाली नाही, ती होती वेळ. त्या अनुभवानंतर त्यांनी मनाशी धरलेले प्राण्यांचे रुग्णालय सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून मुंबईत महालक्ष्मी येथे उभे राहिले आणि २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टाटा यांचे निधन झाले.

खुब्याच्या शस्त्रक्रियांच्या मुदती ठरलेल्या असतात. कमरेच्या हाडाची वाढ एका बाजूस रोखून उखळ माथ्यावर अधिक झुकविण्याची छोटी शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यापूर्वीच उपयोगी पडते. हाड कापून उखळीचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया साधारण दहा महिन्यांच्या आत आणि संधिवात सुरू होण्याअगोदर करावी लागते. त्यानंतर उरतात मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकणे किंवा पूर्ण कृत्रिम सांधा बसविणे. पहिली शस्त्रक्रिया हलक्या कुत्र्यांना अधिक मानवते. दुसरी खर्चाची असून मोजक्याच ठिकाणी होते. उचगावकरांना कोल्हापुरात प्राथमिक तपासणी व क्ष-किरण चित्राची सोय आहे. पुढील सल्ल्यासाठी सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गावरच, तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर आहे. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांची सेवा करीत आहे.

सर्वच पिलांना शस्त्रक्रिया लागते असे मात्र नाही. सदोष खुब्याची बहुसंख्य कुत्री वजन, व्यायाम आणि औषध यांच्या बळावर चांगले आयुष्य जगतात. ‘आता याला झोपवावे लागेल’ असा विचार वर्षाच्या पिलाबाबत घाईने मनात आणण्याचे कारण नाही.

औषधाविषयी एक सक्त सूचना. माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफिनॅकचा इतिहास तर जीवदयेच्या दृष्टीने विशेष स्मरणीय आहे: ते दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन भारतातील गिधाडे लाखोंनी मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कुत्र्यांना सोसणारी वेदनाशामके वेगळी आहेत. ती पशुवैद्य वजनानुसार ठरवून देतात आणि दीर्घकाळ द्यायची असल्यास मधूनमधून रक्त तपासतात.

घरातील फरशीकडेही पाहावे. नव्या बंगल्यांतील आरशासारख्या टाइल्सवर पिलाचे मागचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि सैल सांध्याला प्रत्येक वेळी हिसका बसतो. पिलाच्या नेहमीच्या वाटेवर जुनी सतरंजी, काथ्या किंवा गोणपाट अंथरले तरी काम होते. शोभेची चिंता वर्षभर बाजूला ठेवावी. नॉर्वेत काही मोठ्या जातींच्या पिलांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत जिने चढउतार करणाऱ्यांत खुब्याचा दोष अधिक आढळला, आणि मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर मोकळे फिरणाऱ्यांत कमी. म्हणजे पिलाला कोंडून ठेवणे हाही उपाय नव्हे. उचगावच्या कडेला अजून शेतवाटा शिल्लक आहेत. सकाळ-संध्याकाळ तेथे दोरीला धरून थोडा थोडा वेळ चालणे उत्तम. स्कूटरच्या मागे डांबरी रस्त्यावरून पळविणे आणि चेंडूसाठी पुन्हा पुन्हा उड्या मारायला लावणे, हे दोन्ही प्रकार वाढ पूर्ण होईपर्यंत बंद ठेवावेत. नसबंदीची घाईही नको. मोठ्या जातींत वर्षाच्या आत ती केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांना गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत आढळले आहे. योग्य वय पशुवैद्याला विचारून ठरवावे.

जी कुटुंबे पिल्लू घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना सांगण्यासारखे दोन शब्द. व्यापारी माणूस पंधरा रुपये मीटरचे कापडही उलटसुलट करून पाहतो. पिल्लू मात्र डोळे पाहून घेतो. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक आणि पावती मागावी. आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे मागावीत. विक्रेता हसला, तर दुसरीकडे जावे. आणि मोठ्या देहाचा कुत्राच हवा असेल, तर कृष्णा-घटप्रभेच्या खोऱ्यातला आपला कारवान, ज्याला सीमेपलीकडे मुधोळ हाऊंड म्हणतात, त्याचा विचार का होऊ नये? २००५ साली टपाल खात्याने भारतीय श्वानांची जी चार तिकिटे काढली, त्यांत तो आहे. उंचीला जर्मन शेफर्डहून कमी नाही, अंगाने मात्र सडपातळ. त्याच्या ग्रेहाऊंड कुळातील कुत्र्यांत खुब्याचा हा दोष क्वचितच आढळतो. त्याला पळायला मोकळी जागा मात्र हवी. गच्चीवर बांधून ठेवण्याचे ते जनावर नव्हे.

पिल्लू आधीच घरी असेल आणि लंगडत असेल, तर पशुवैद्याकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात. पहिली म्हणजे वजनाची वही: दर रविवारी दुकानातील काट्यावर पिलाला घेऊन उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी तारखेसह मांडावी. दुसरी, दिवसभरात पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी, आजीबाईंच्या तुकड्यांसह. तिसरी, सकाळी झोपेतून उठतानाचे आणि चालतानाचे भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्रण. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले पिल्लू लंगडायचे विसरते. घरच्या अंगणातले चित्रण ते विसरू देत नाही.